तुम्ही विचारलंत म्हणून: 3.7 स्टारच्या पिझ्झा-बारमध्ये जायचं का?

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. इकडे नव्याने आलेलं कुणीही भेटलं की दोन प्रश्न ठरलेले. कोथिंबीर स्वस्त कुठे मिळते, हा पहिला. दुसरा असा: "काकू, तुम्ही तो मेट्राच्या (इकडच्या लोकल गाडीच्या) रुळांजवळचा पिझ्झा-बार सांगितलात खरा, पण त्याला 3.7च स्टार आहेत. लोकांनी काय काय लिहिलंय वाचलंत का? तरी जायचं?"

वाचलंय. सगळं वाचलंय. काही लोक सकाळी उठून राशिभविष्य वाचतात, तशी मी हॉटेलांचे रिव्ह्यू वाचते. नवरा म्हणतो, जेवायला जायचंय की पीएचडी करायचीय? तर एकदाचं सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

आधी जागा कशी आहे ते. बाहेरून बघितलंत तर पिझ्झाचं हॉटेल आहे की दारूचा बार, कळणार नाही, कारण ते दोन्ही आहे. आत शिरलं की एका बाजूला लांबलचक बार, वर टीव्ही, खिडकीत ओल्ड स्टाइल बिअरची जुनी पाटी. दुसऱ्या बाजूला रेक्झिनची बाकं, फाटलं तिथे चिकटपट्टी लावलेली. मागच्या कोपऱ्यात जुगाराची मशीनं लुकलुकत असतात. ती बघून आमच्या सासूबाईंनी "हा कॅसिनो आहे का गं?" असं विचारलं होतं. कॅसिनो नाही. इलिनॉयने 2009 साली कायदा करून बारमध्ये अशी मशीनं ठेवायची मुभा दिली, गावाची हरकत नसेल तर. प्रत्यक्षात ती 2012 मध्ये सुरू झाली. छोट्या बारवाल्याच्या भाड्याला त्यांचा हातभार लागतो, म्हणून ती असतात. तिकडे पाठ करून बसलं की झालं.

आता पिझ्झा. ह्या शहराचा रोजचा पिझ्झा बारमध्येच वाढलेला आहे. 1933 साली दारूबंदी उठली आणि दक्षिण शिकागोतले बार पुन्हा उघडपणे सुरू झाले. पाळी सुटली की कामगार तिथे येऊन बसायचे. त्यांनी आणखी एक ग्लास घ्यावा म्हणून बारवाले पापडासारखा पातळ, चांगला खारट पिझ्झा भाजून, त्याचे बारीक चौकोन करून पुढे ठेवायचे, असं जुने लोक सांगतात. बशी नको, काटा नको, कागदी नॅपकिनवर एक तुकडा आणि दुसऱ्या हातात ग्लास. होम रन इन हा मूळचा 1923चा बार. शेजारच्या मैदानातून चेंडू येऊन खिडकीची काच फुटली, त्यावरून ते नाव पडलं, आणि पिझ्झा तिथे 1947 मध्ये आला. पुलास्की रस्त्यावरचं व्हिटो अँड निक्सही असंच बारमधून मोठं झालेलं. ह्या पिझ्झाला इकडे टॅव्हर्न स्टाइल म्हणतात. टोमॅटोच्या रश्श्याने भरलेला, टोपासारखा खोल जो डीप डिश, तो 1943 साली पिझ्झेरिया उनोमध्ये निघाला आणि जगभर 'शिकागो पिझ्झा' म्हणून त्याचंच नाव झालं. पुण्याहून पाहुणे आले की आम्ही तो खातो. एरवी शुक्रवारी रात्री कोण पाऊण तास त्याची वाट बघत बसणार?

एवढं पाल्हाळ लावायचं कारण म्हणजे आमच्या बारचे बरेचसे तारे इथेच गळालेत. कुणी दुसऱ्या राज्यातून आलेला असतो. शिकागोजवळ उतरलोय, पिझ्झा खाऊ, म्हणून आत येतो. समोर पातळ पापड येतो, तोही चौकोनी कापलेला, कडेला चिमुकले त्रिकोणी तुकडे उरलेले. तो चिडून एक स्टार देतो आणि लिहितो, हा शिकागो पिझ्झाच नव्हे. दुसरा लिहितो, कडा करपलेल्या होत्या. अहो, इकडची निम्मी गिऱ्हाइकं "वेल डन" असं मुद्दाम सांगून तसा भाजून घेतात! तिसऱ्याची तक्रार अशी की चौकोनी तुकड्याला धरायला कड नसते. बरोबर आहे, मधल्या तुकड्यांना नसते. म्हणून तर आमच्या घरात कोपऱ्यांवरून भांडणं होतात.

अशा रिव्ह्यूमध्ये खोटं काही नसतं. माणूस एक मनात धरून आला, त्याला दुसरंच मिळालं, एवढंच त्यातून कळतं. पिठलं-भाकरीच्या खाणावळीत बसून डोसा मिळाला नाही म्हणून कुणी नाराज झालं, तर त्यावरून पिठलं कसं होतं हे थोडंच कळतं? म्हणून मी स्टार बघतच नाही. एक, दोन आणि तीन स्टारवाल्यांनी काय लिहिलंय ते वाचते, आणि कधी लिहिलंय तेही बघते.

कधी, हे फार महत्त्वाचं. आमच्या भागात आयरिश, पोलिश, इटालियन वस्ती जुनी, म्हणजे कॅथलिक लोक भरपूर. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला ईस्टरच्या आधीचे त्यांचे उपवासाचे आठवडे असतात, आणि त्यातल्या शुक्रवारी ते मांस खात नाहीत. मग शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव एकतर तळलेले मासे खायला बाहेर पडतं, नाहीतर चीज पिझ्झा मागवतं. भट्टी तेवढीच, माणसं तेवढीच. "सव्वा तास थांबलो, फोन कुणी उचलत नाही, पार्सल थंड" हे रिव्ह्यू बघा, ढिगाने त्याच आठवड्यांतले सापडतील. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रविवारी तर विचारूच नका. हीच तक्रार ऑक्टोबरमधल्या एखाद्या मंगळवारची असती, तर मात्र मी कान टवकारले असते. मंगळवारी पाऊण तास लागत असेल तर स्वयंपाकघरात काहीतरी बिनसलंय.

आणि अगदी जुने रिव्ह्यू असतील तर सोडूनच द्या. 2008 च्या 1 जानेवारीपासून इलिनॉयमध्ये बारच्या आत सिगारेट ओढायला बंदी आली. त्याच्या आधीच्या कुणीतरी लिहिलेलं धुराचं वर्णन वाचून आमच्या एका मैत्रिणीने मुलांना आणायचं टाळलं होतं.

आता उद्धटपणा. ह्या तक्रारी मी हसण्यावारी नेत नाही, कारण आपल्याला रंगामुळे वेगळं वागवतील का, ही धाकधूक नवीन आलेल्या प्रत्येकाच्या मनात असते आणि ती उगाच नसते. मी असे रिव्ह्यू शोधून वाचते. आमच्या बारबद्दल पाचसहा जणांनी लिहिलंय की बारमागची बाई बघत नाही, बोलत नाही. पण ते लिहिणारे सगळ्या प्रकारचे आहेत, गोरे, मेक्सिकन, आपले. मी तिला पुष्कळदा बघितलंय. पन्नाशीची असेल, केस वर बांधलेले, कानामागे पेन्सिल. गर्दीच्या वेळी ती चार ग्लास एका हाताने नळाखाली धरते, दुसऱ्या हाताने बिल फाडते, आणि तुम्ही मेन्यू मिटून खाली ठेवत नाही तोवर तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मिटलात की पाच सेकंदांत समोर हजर. "काय देऊ, हनी?" हे ती माझ्या ऐंशीच्या सासऱ्यांनाही म्हणाली होती. ते दोन दिवस खुशीत होते. तिथल्या रोजच्या लोकांना हे मेन्यूचं गणित माहीत असतं, नवख्याला कोण सांगणार? तो अर्धा तास मेन्यू उघडा धरून बसतो, आणि घरी जाऊन दोन स्टार देतो.

(टिपेचंही सांगून टाकते. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या माणसाला मालकाने किमान वेतनाच्या 60 टक्के दिले तरी चालतात, बाकीचं टिपेतून भागलं पाहिजे. तेव्हा 18 ते 20 टक्के ठेवा. "आपल्याकडे अशी पद्धत नाही" हे तिथे ऐकवू नका.)

पाच स्टारवाल्यांवर तर माझा काडीचा विश्वास नाही. ते सगळे लहानपणापासून येतात. कुणाच्या आईवडिलांची पहिली भेट तिथे झाली, कुणाची बेसबॉलची टीम जिंकल्यावर तिथेच यायची. वाचायला गोड असतं. पण चीज जास्त आहे का, पाव कच्चा राहतो का, ह्याचा त्यात पत्ता नसतो. त्यातून कुणी खोटं लिहिलं तर ओळखू यायचं नाही ते वेगळंच. ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला ऑक्टोबर 2024 पासून खोटे रिव्ह्यू विकण्या-घेण्यावर बंदी घालणारा वेगळा नियम लागू करावा लागला, ह्यावरूनच हा धंदा किती वाढला असेल ते समजा.

ह्या ताऱ्यांचा दुकानदाराच्या गल्ल्यावर परिणाम होतो तो मात्र खरा. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या मायकेल लुका ह्यांनी सिएटलच्या हॉटेलांची कमाई आणि येल्प ह्या रिव्ह्यूंच्या साइटवरचं त्यांचं रेटिंग ताडून बघितलं. 2011 च्या त्यांच्या निबंधात आलंय की एक तारा वाढला की कमाई 5 ते 9 टक्क्यांनी वाढते. मेख अशी की हा परिणाम स्वतंत्र, छोट्या हॉटेलांवरच दिसला, साखळीच्या मोठ्या ब्रँडवर नाही. साहजिक आहे. डॉमिनोजमध्ये काय मिळणार हे नागपूरलाही माहीत आणि इकडे नेपरव्हिललाही. रुळांजवळच्या बारमध्ये काय मिळणार ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणारा डीप डिश शोधत आलेला निघाला तर फटका त्या मालकाला.

काही मालक ह्याला वैतागतात. कॅलिफोर्नियात रिचमंड गावात बोटो बिस्ट्रो नावाचं इटालियन हॉटेल होतं. 2014 साली तिथल्या मालकाने जाहीर करून टाकलं: येल्पवर आम्हाला एक स्टार द्या आणि पिझ्झावर 25 टक्के सूट घ्या. लोकांनी हौसेने एकेक स्टार दिले, आणि जेवण चांगलं होतं, वेटर नम्र होता, म्हणून राग आला, असल्या थाटाची थट्टा लिहिली. मला तो माणूस मनापासून आवडतो. पण आमचा बारवाला तसा नाही. तो कुणाला उत्तरच देत नाही, आणि मला वाटतं तेच बरं. प्रत्येक तक्रारीखाली वकिली भाषेत परिच्छेदभर बाजू मांडणारे मालक बघितले की मी ते हॉटेल यादीतून काढून टाकते.

आता आपल्या लोकांच्या उपयोगाचं, जे त्या शेकडो रिव्ह्यूंत कुणीच लिहिलेलं नाही. पहिलं म्हणजे शाकाहाराचं. शिकागोत पिझ्झा म्हणजे सॉसेज, बडीशेप घातलेलं डुकराचं मांस, हे गृहीत असतं. तुम्ही चीज पिझ्झा मागितलात तरी तो त्याच फळीवर, त्याच सुरीने कापला जातो. ज्यांना चालत नाही त्यांनी ऑर्डर देतानाच "स्वच्छ सुरीने कापा" म्हणून सांगायचं. आमच्याकडे ते ऐकतात, तोंड वाकडं करत नाहीत. वरून भुरभुरवायचं चीज नको म्हणा, कारण ते अस्सल पार्मिजानो असेल तर त्यात वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारा पदार्थ, असतंच. सॉसमध्ये लसूण असते, तेव्हा जैन मंडळींना तिथे न्यायचं धाडस मी करत नाही.

दुसरं, जार्दिनेरा मागा. मिरच्या, सेलरी, गाजर, फ्लॉवर हे सगळं आंबवून तेलात बुडवलेलं. तिखट हवं की सौम्य, विचारतात. तिखटच सांगा. आपल्या माणसाला ह्या पिझ्झात जी उणीव वाटते ती ह्याने भरून निघते. सासूबाईंनी तर बाटलीच विकत घेतली आणि वरणभाताबरोबर संपवली.

तिसरं, दारू घेणार असाल तर वय कितीही असो, ओळखपत्र ठेवा. 21 ची अट आहे आणि तिथली नवी पोरं नियम म्हणून सगळ्यांनाच विचारतात. भारतातून आलेल्या आईवडिलांचा पासपोर्ट घरी राहिला की पांढऱ्या केसांकडे बोट दाखवून भागत नाही. मुलं टेबलावर बसली तर कुणी काही म्हणत नाही, बारच्या उंच स्टुलांवर मात्र बसवू नका.

"मग काकू, एवढं माहीत आहे तर तुम्हीच का नाही रिव्ह्यू लिहीत?" हा त्याच्या पुढचा प्रश्न. लिहिलाय ना. चार स्टार दिलेत. एक कापला, कारण बायकांच्या टॉयलेटची कडी लागत नाही आणि दरवेळी सांगूनही बसवत नाहीत. बाकी सुरीचं लिहिलं, जार्दिनेराचं लिहिलं, 16 इंची पिझ्झा आमच्या चौघांना पुरतो, पण दोन भुकेली कॉलेजची मुलं असली तर पुरत नाही, हेही लिहिलं. त्याच्याखाली कुणीतरी विचारलंय की डीप डिश मिळतो का.

तेव्हा जा. शुक्रवारी जाणार असाल तर साडेपाचच्या आत पोचा, आणि काय घ्यायचं ते ठरलं की मेन्यू मिटा.