आधी लुळा हात, मग चांगला
आज ओपीडीत लकव्याच्या पेशंटला शर्ट घालायला शिकवणं चाललं होतं. आधी लुळा हात बाहीत, बाही पार खांद्यापर्यंत ओढायची, मगच चांगला हात. काढताना उलट. घरचे घाईघाईत चांगला हात आधी घालतात. मग लुळा हात मागे वळवताना खांदा ओढला जातो आणि दुखणं मागे लागतं.

‘म्हणजे फिजिओच ना?’ नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न. नाही हो, ऑक्युपेशनल थेरपी! म्हणजे कपडे घालण्यासारखी रोजची कामं पेशंटला पुन्हा स्वतः करता यावीत, यासाठीची उपचारपद्धती. भारतात तिचं शिक्षण सुरू झालं आपल्या परळच्या केईएममध्ये, १९५० साली, कमला निंबकरांमुळे. बाई मूळच्या अमेरिकन. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हा संस्थापक देशांत भारतही होता. आणि अजूनही पेशंट आमच्याकडे येतात ते खांदा आखडून बसल्यावरच.