चाला, पण कुंथू नका

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पोटातली महाधमनी ४.२ सेंटिमीटर’ असं आलं की घरचे त्या माणसाला खाटेवर बसवून ठेवतात आणि मग विचारतात, “आता यांनी हलायचं की नाही?” तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो: हलायचं, आणि रोज हलायचं. पोटातलं ॲन्युरिझम, म्हणजे या मुख्य रक्तवाहिनीचा फुगवटा, लहान असेल तर बेताच्या व्यायामाने ते भराभर वाढतं, असं दिसलेलं नाही. बसून राहिलं की मात्र वजन, साखर आणि बीपी तिन्ही चढतात. बीपी साधारण १३०/८० च्या आत ठेवायचं असतं.

पोटातली महाधमनी एरवी २ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. ३ झाली की ॲन्युरिझम म्हणतात आणि पुरुषांत ५.५, बायकांत ५ च्या सुमारास ऑपरेशनचा विषय निघतो. नळी जितकी रुंद, तितका त्याच दाबाला तिच्या भिंतीवर ताण जास्त. म्हणून ३.४ वाल्या शेजाऱ्याला जे झेपतं ते ५.२ वाल्याने करू नये. फुगवटा छातीत असेल किंवा घरात मारफानसारखा धमनीची भिंत कमजोर करणारा आनुवंशिक आजार असेल, तर पुढचं काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

खरा घोटाळा श्वासाचा आहे. जड काही उचलताना आपण तोंड मिटतो, श्वास कोंडतो आणि कुंथतो. तेवढ्या काही सेकंदांत बीपी उसळतं. कसलेल्या वजन उचलणाऱ्यांत वरचा आकडा ३०० च्या पुढे गेलेला मोजलाय.

आता सोलापुरातलं घर बघा. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे पाणी आलं की घरभर बादल्यांची पळापळ. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो, वर बादलीचं वजन वेगळं. पाण्याचा मोठा जार २० किलो आणि भरलेलं गॅस सिलिंडर जवळजवळ ३० किलो. जार आणि सिलिंडरला हात लावायचा नाही, आणणाऱ्यालाच आत ठेवायला सांगा. पिंप पाइपने भरा. बादली अर्धी भरा, अंगाजवळ धरा, गुडघ्यात वाका आणि उचलताना तोंडाने श्वास सोडा. उचलता उचलता मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणता आलं पाहिजे. आवाज अडकला तर वजन जास्त आहे, खाली ठेवा. डॉक्टरांनी किलोत मर्यादा दिली असेल तर तीच धरा.

उचलणं टाळणारी माणसंही ढकलताना फसतात. गंजलेलं शटर, लोखंडी कपाट, मेन स्टँडवर घ्यायची स्कूटर: वस्तू हलत नाही आणि आपण दात खाऊन जोर लावत राहतो. हे उचलण्याइतकंच वाईट.

संडासातही तेच. चाळीसच्या वर पारा गेलेल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, पोट साफ होत नाही आणि माणूस कुंथत बसतो. भाकरीबरोबर पालेभाजी, आणि लागलंच तर डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल, पण भरपूर पाण्यासोबत. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उकिडव्यावरून झटकन उठू नका, चक्कर येते. आणि बिडी बंद. ती नुसती खोकला लावत नाही, फुगवटाही वाढवते.

चालायला सिद्धेश्वर तलावाचा परिसर उत्तम. पाच मिनिटं सावकाश, वीस मिनिटं नेहमीच्या चालीने, शेवटची पाच पुन्हा सावकाश. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरी या. चालताना गप्पा मारता याव्यात. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. मेटोप्रोलोलसारखी नाडी मंद ठेवणारी बीपीची गोळी चालू असेल तर हातातल्या घड्याळाच्या नाडीवर जाऊ नका. गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. जिना चढायला हरकत नाही, हातातल्या पिशव्या मात्र दुसऱ्याकडे द्या. अनुलोम-विलोम श्वास न रोखता चालेल. कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन, मयूरासन सोडा, मग योगवर्गातले कितीही आग्रह करोत.

सगळ्यात अवघड जातं ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. पिढ्यान्‌पिढ्या नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच जड काठी, पेलणाऱ्या घरातल्या माणसाला ‘काठी धरू नको’ म्हणणं सोपं नाही, पण म्हणावंच लागतं. बाराबंदी हा यात्रेचा पांढरा पोशाख घालून मिरवणुकीत चाला, काठी पुतण्याच्या हाती द्या. कोजागरीला तुळजापूरला रात्रभर चालत जाणं हाही बेताचा व्यायाम नव्हे: झोप नाही आणि गोळीची वेळही चुकते.

छातीत, पाठीत किंवा पोटात अचानक, फाडल्यासारखी कळ आली, शुद्ध हरपली किंवा एका पायातलं बळ गेलं, तर ॲसिडिटी समजून थांबू नका आणि स्वतः गाडी चालवू नका. १०८ लावा आणि पहिल्याच वाक्यात ‘ॲन्युरिझम आहे’ म्हणून सांगा. हार्ट अटॅक समजून घरच्यांनी आपल्या मनाने ॲस्पिरिन चघळायला देऊ नये, महाधमनी फाटली असेल तर रक्तस्राव वाढतो. शेवटच्या रिपोर्टचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.