पानाची खालची बाजू

"पान वर वळलं का खाली?" नर्सरीवाले काका विचारत होते, अन् पोरगा मोबाईल पुढे करून म्हणत होता, "तुम्ही फक्त औषध सांगा ना जी."

फोटोत हॉलच्या खिडकीतली तिखट मिरचीची कुंडी. शेंड्याची पानं पार चुरडलेली. मी तुळस घ्यायला गेलो होतो त्रिमूर्तीनगरात, पण थांबलोच.

काका भिवापूरकडचे, मिरचीतच वाढलेले. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं झालं तर बहुतेक फुलकिडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे (थ्रिप्स). कडा खाली वळल्या, देठ लांबले, तर कोळी; जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी कीड (माइट). अन् हा कोळी इतका बारीक की नुसत्या डोळ्याला दिसणं मुश्कील. फुलकिड्यांची बरीच औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. पांढऱ्या माशीनं विषाणू आणला असेल तर औषधच नाही, झाड उपटायचं. घरात यांना धुऊन काढणारा पाऊस नाही, खाणारे ढालकिडे नाहीत, म्हणून फावतं. (खालची पानं पिवळी अन् माती सदा ओली असेल, तर आधी पाण्याचा हात आवरा, म्हणे.)

"पान उलटून फोटो काढून आण," म्हणाले, आणि पोरानं उचललेली बाटली परत फळीवर ठेवली. हातातलं गिऱ्हाईक सोडलं हो!

तेच डोक्यात घोळतंय. आपल्याला रोग कळायच्या आधी फवारा हवा असतो, अन् विकणाऱ्यालाही तेच बरं.

तुमच्याकडे आहे का कोणी असा, काही न विकता परत पाठवणारा?