किल्ला हुंड्यात, टॉवेल समुद्रात

रविवारी सकाळी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात फिरायला गेलो होतो, सोबत एक मित्र, टॉवेलचा कारखाना आहे त्याचा. मी आपलं सहज म्हणालो की देशादेशातली युद्धं पूर्वीपेक्षा कमी झालीत म्हणे, तर गडी चालायचाच थांबला. "काय बे, बातम्या बघतोस का नाही?"

त्याचा राग बरोबरच आहे म्हणा. 2023 च्या शेवटी येमेनच्या हौथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि याचा युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून गेला, भाडं वाढलं, पार्टीचे फोनवर फोन. पण गंमत बघा, हौथींचं राज्य जवळजवळ कोणी देश म्हणून धरत नाही, आणि मोजणाऱ्यांचा नियम असा की दोन्हीकडं सरकारं पाहिजेत आणि वर्षाला लढाईत 1000 माणसं मेली पाहिजेत, तर ते दोन देशांमधलं युद्ध. म्हणजे याचा कंटेनर अडकला तो त्या वहीत चढतच नाही.

मग मी त्याला किल्ल्याचीच गोष्ट सांगितली. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही, 1520 च्या दशकात सोयरीक झाली, सोलापूरचा किल्ला हुंड्यात द्यायचं ठरलं, दिला नाही, झाली मारामारी, एकदा नाही, पुढची कितीतरी वर्षं. नंतर चांदबीबीच्या लग्नात तोच किल्ला उलट्या दिशेनं, हुंडा म्हणूनच, विजापूरला गेला. मधल्या काळात ज्याच्या हातात किल्ला त्याचा किल्ला, बाकीच्यांनी ते मान्यच करायचं. आज विजापूर 100 किलोमीटरवर, लोक सकाळी जाऊन गोलघुमट बघून रात्री जेवायला घरी.

माझं म्हणणं एवढंच की कमी झालंय ते हे. जमीन घेतली की ती आपली, हा व्यवहार. 1990 च्या ऑगस्टमध्ये सद्दामनं कुवेत घेतलं, आपला एकोणिसावा प्रांत म्हणून जाहीरपण केलं, सात महिने टिकलं नाही. रशियानं 2022 मध्ये युक्रेनचे चार प्रांत आपले म्हणून सांगितले तर संयुक्त राष्ट्रांत 143 देशांनी मानत नाही म्हणून मत दिलं. त्यातली बरीच जमीन अजून रशियाकडं आहे ते खरं, पण पूर्वी असलं मतदान कोणी घेतलं असतं का? (आपण 35 तटस्थांत होतो, तेल स्वस्त मिळत होतं ना.)

अणुबाँबमुळे युद्धं थांबली हे मला पूर्ण पटत नाही. मोठे देश 1953 ला कोरियात थांबल्यापासून समोरासमोर मोठं युद्ध लढले नाहीत, ठीक आहे, पण आपल्या पोखरणच्या आणि पाकिस्तानच्या चगाईच्या स्फोटांना जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा कारगिल झालंच की.

आणि नावाचा घोळ वेगळाच. आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 ला जपानशी लढणाऱ्या चीनला गेले, 1942 ला तिथंच वारले. ते निघाले तेव्हा तिथं कागदोपत्री युद्धच नव्हतं! जपान त्याला 'घटना' म्हणत होता, चीननं पण 1941 च्या डिसेंबरपर्यंत जाहीर केलं नव्हतं, कारण जाहीर केलं की अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्यानं दोघांनाही शस्त्रं बंद व्हायची. जखमी मात्र रोज टेबलावर येत होते. पुतिननं 'विशेष लष्करी कारवाई' म्हटलं तेव्हा मला हेच आठवलं. म्हणून जाहीर केलेली युद्धं मोजून कमी झाली म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, गिळलेली जमीन कोण मानतंय ते मोजा.

मित्र सगळं ऐकून घेतला आणि म्हणाला, "ते सगळं खरं रे, पण भाड्याचे वाढीव पैसे कोण देणार, निजामशहा?" मग चहाचे पैसे मीच दिले.