बंद दारामागची मते

सॅन फ्रान्सिस्को, बुधवार, रात्री साडेदहा

आज संध्याकाळी साडेपाचला सिटी हॉलमध्ये पोलीस कमिशनची बैठक ऐकायला गेलो होतो. लेक सकाळीच म्हणाली, "बाबा, इथे नातवाला भेटायला आलात की ड्युटीवर?" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. राज्य शासनाच्या नोकरीतील शेवटची नऊ वर्षे मी विभागीय चौकशी अधिकारी म्हणून काढली. दोषारोपपत्र, सादरकर्ता अधिकारी, अपचारी कर्मचाऱ्याची उलटतपासणी हे शब्द निवृत्तीनंतरही कानातून गेलेले नाहीत, आणि पोलिसांची शिस्त सामान्य नागरिकांच्या हाती देणारे मंडळ या शहरात आहे, हे कळल्यावर घरी बसवेना.

आपल्याकडे पोलीस कमिशनर म्हटले की गणवेशातील वरिष्ठ अधिकारी डोळ्यांसमोर येतो. इथे कमिशनर म्हणजे पोलीस दलावर देखरेख करणाऱ्या सातजणांच्या मंडळाचा नागरी सदस्य. पोलीसप्रमुखाला स्वतःच्या अधिकारात दहा दिवसांपर्यंतच निलंबन करता येते. त्याहून मोठी शिक्षा द्यायची असेल, तर प्रकरण या सातजणांपुढे येते. पूर्वी सदस्य पाचच होते आणि सगळे महापौरांच्या मर्जीतले. 2002 च्या नोव्हेंबरमध्ये ड्युटीवर नसलेल्या काही पोलिसांनी फहिता नावाच्या मेक्सिकन पदार्थाच्या पुडक्यावरून दोघांना मारहाण केल्याचा आरोप झाला, त्यांपैकी एक पोलीस खात्यातील बड्या अधिकाऱ्याचा मुलगा निघाला, आणि शहर इतके खवळले की पुढच्याच वर्षी मतदारांनी कौल देऊन मंडळाची रचना बदलली. तेव्हापासून चारजणांची नावे महापौर सुचवतात आणि तिघांची बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे इथले अकरा नगरसेवकांचे सभागृह.

याच मंडळावर 2005 ते 2008 या काळात, पुढे नगरसेवक झालेले डेव्हिड कँपोस होते. गेले आठवडाभर मी त्यांच्या निवडणुकांचा इतिहास वाचतो आहे. ग्वाटेमालात जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी कागदपत्रांविना सीमा ओलांडून लॉस एंजेलिसला आला, स्टॅनफर्डला शिकला, हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी अॅटर्नीच्या, म्हणजे शहर प्रशासनाच्या मुख्य वकिलाच्या कार्यालयात वकील झाला. अशा चरित्रात प्रचाराच्या भाषणांपुरता मजकूर आयताच मिळतो, म्हणून त्यावर मी फार रेंगाळलो नाही. मला कुतूहल होते ते वेगळेच. माणसांची चौकशी करून निकाल देणाऱ्या खुर्चीवर बसलेला माणूस मते मागायला निघतो, तेव्हा त्याच्या त्या सवयीचे काय होते?

पहिली निवडणूक सुरळीत गेली. 2008 मध्ये मिशन आणि बर्नल हाइट्स या भागांच्या नवव्या प्रभागातून टॉम अमियानो मुदतमर्यादेमुळे बाहेर पडले आणि राज्याच्या असेंब्लीत, म्हणजे इथल्या विधानसभेत गेले. त्यांच्या जागी कँपोस आले. मतदान पसंतीक्रमाचे होते. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात जसे पहिल्या, दुसऱ्या पसंतीचे आकडे लिहितात, जवळपास तसेच, त्यामुळे निदान एवढे तरी मला लेकीला समजावून सांगता आले. अमियानो असेंब्लीत लवकर रुजू झाल्याने कँपोस यांनी त्याच डिसेंबरात जागा घेतली.

सभागृहात गेल्यावर त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे काम पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यावरचेच होते. अटक झालेल्या स्थलांतरित अल्पवयीन मुलाची माहिती संघराज्याच्या इमिग्रेशन खात्याला कधी द्यायची, असा प्रश्न होता. महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्या धोरणानुसार गंभीर गुन्ह्याच्या आरोपाखाली अटक होताच ती द्यायची होती. कँपोस यांचा ठराव म्हणत होता की गुन्हा सिद्ध झाल्यावरच द्यावी. न्यूसम यांनी 2009 मध्ये नकाराधिकार वापरला, सभागृहाने 8 विरुद्ध 3 मतांनी तो मोडून काढला, कारण आठच मते लागत होती आणि आठच मिळाली. तरीही महापौरांनी अंमलबजावणी केली नाही. आरोप आणि सिद्ध झालेला दोष यांत फरक करणे हा चौकशी करणाऱ्याचा पहिला धडा असतो. मिशनसारख्या स्थलांतरितांच्या प्रभागात तो धडा मतदारांनाही पटत होता, त्यामुळे 2012 मध्ये ते पुन्हा निवडून आले.

त्याच वर्षीच्या 9 ऑक्टोबरला मात्र सगळ्या सभागृहालाच चौकशी मंडळ व्हावे लागले. रॉस मिर्करिमी हे कँपोस यांचे सभागृहातील जुने सहकारी नुकतेच शेरीफ, म्हणजे शहरातील तुरुंगांचे प्रमुख, म्हणून निवडून आले होते. शपथविधीच्या काही दिवस आधी, 31 डिसेंबर 2011 रोजी, घरातील भांडणात त्यांनी पत्नीचा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. पुढे त्यांनी बेकायदेशीररीत्या अडवून ठेवल्याचा किरकोळ स्वरूपाचा गुन्हा कबूल केला. महापौर एड ली यांनी त्यांना निलंबित करून पदावरून काढण्याचा प्रस्ताव आणला आणि शहराच्या एथिक्स कमिशनने (लोकसेवकांच्या नीतिमत्तेवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाने) बहुमताने गैरवर्तनाचा निष्कर्ष दिला. पदच्युतीसाठी अकरापैकी नऊ मते हवी होती. सात पडली. विरोधात गेलेल्या चारांमध्ये कँपोस होते. कृत्य निंद्य आहे याबद्दल वाद नव्हता. प्रश्न असा होता की पद हाती येण्यापूर्वी घरात घडलेली घटना शहराच्या सनदेतील 'पदाच्या कामातील गैरवर्तन' या व्याख्येत बसते का.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीशी उभा होतो. माझ्यासमोर एकदा असेच प्रकरण आले होते. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. कर्मचाऱ्याचे वागणे किळसवाणे होते, पण दोषारोपपत्रात जे मांडले होते ते पुराव्याला धरून नव्हते आणि जे घडले होते ते दोषारोपपत्रात नव्हते. मी "दोषारोप सिद्ध होत नाही" असे लिहिले. त्यानंतर दोन महिने जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कोणी डबा उघडला नाही. हिने घरी विचारले होते, "तुम्हाला त्याची बाजू का घ्यावीशी वाटली?" मी बाजू घेतली नव्हती, हे मला आजवर तिलाही नीट पटवता आलेले नाही. मग हजारो मतदारांना कोण आणि कसे पटवणार?

2014 मध्ये अमियानो असेंब्लीतूनही मुदतमर्यादेमुळे बाहेर पडले आणि कँपोस पुन्हा त्यांच्याच जागेसाठी उभे राहिले. समोर डेव्हिड च्यू होते; तेही डेमोक्रॅट, तेही हार्वर्डचे वकील, तेही 2008 मध्येच सभागृहावर निवडून आलेले आणि मिर्करिमींना काढण्याच्या बाजूने मत दिलेले. दोघांच्या धोरणांत फरक शोधायला भिंग लागले असते, म्हणून की काय, ते एक मत प्रचारात सर्वांत वर आले. उमेदवाराशी संबंध नसलेल्या, पण तंत्रज्ञान उद्योगातील धनिकांच्या पैशावर चालणाऱ्या समितीने घराघरांत पत्रके पाठवली आणि कँपोस स्त्रियांवरील हिंसेकडे डोळेझाक करतात असे चित्र उभे केले. निकाल लागला सुमारे 51 विरुद्ध 49 टक्के. त्या एका मतानेच ते हरले असे मी म्हणणार नाही; भाडेकरूंच्या बाजूने आणि तंत्रज्ञान कंपन्यांच्या विरोधात ते सतत उभे राहिले होते आणि त्याची किंमतही होतीच. पण इतक्या थोड्या अंतरात ते पत्रक नक्कीच मोजले गेले असेल.

दुसरा पराभव जास्त सरळ होता. कँपोस 2017 पासून सांता क्लारा काउंटीच्या प्रशासनात गेले आणि नंतर जिल्हा सरकारी वकील चेसा बूडीन यांचे चीफ ऑफ स्टाफ झाले. 2021 मध्ये च्यू यांची नेमणूक सिटी अॅटर्नी म्हणून झाली, म्हणजे कँपोस यांनी जिथे वकिली केली त्याच कार्यालयाचे ते प्रमुख झाले, आणि त्यांची असेंब्लीची जागा मोकळी झाली. पोटनिवडणुकीच्या पहिल्या फेरीत नगरसेवक मॅट हेनी आणि कँपोस यांच्यात अंतर नगण्य होते. 19 एप्रिल 2022 च्या दुसऱ्या फेरीत हेनींनी साठ टक्क्यांहून अधिक मते घेतली. सात आठवड्यांनी मतदारांनी बूडीन यांनाही पदावरून परत बोलावले. शहराची हवा फिरली होती. त्यात खोलवर शोधण्यासारखे मला फारसे दिसत नाही.

माझे मन राहून राहून कमिशनच्या त्या तीन वर्षांकडेच जाते. 2006 पर्यंत या शहरात पोलिसांच्या शिस्तभंगाच्या सुनावण्या लोकांसमोर होत असत. 31 ऑगस्ट 2006 रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉप्ली प्रेस खटल्यात पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी गोपनीय ठरवल्या आणि दारे बंद झाली. (तीन आठवड्यांनी, 22 सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात प्रत्येक राज्याला पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन करायला सांगितले, महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली ती 2014 मध्ये. तारखांचा हा योग पाहून मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही.) म्हणजे त्यानंतर कँपोस यांनी कमिशनवर असताना किती पोलिसांना दोषी मानले आणि किती जणांना संशयाचा फायदा दिला, हे कोणत्याही पत्रकावर छापता येण्यासारखे नव्हते, ना त्यांच्या बाजूने, ना विरोधात. उघड्यावर दिलेले एकच मत छापता आले.

आजच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ होता. एका बाईंनी मुलाचा फोटो उंच धरला आणि घंटा वाजली तरी त्या बोलत राहिल्या. अध्यक्षांनी त्यांना थांबवले नाही. त्यानंतर सचिवांनी पुढचा विषय वाचला: शिस्तभंगाची प्रकरणे, बंद सत्र. सातजण जागेवरच बसून राहिले. आम्ही पंधरा-वीसजण खुर्च्या सरकवून बाहेरच्या संगमरवरी जिन्यापाशी आलो आणि मागे दार लोटले गेले. त्या बाईंनी मला विचारले, आत किती वेळ चालेल. मी सांगितले, पुरावा किती आहे त्यावर अवलंबून असते.