बंड्या, जंताची गोळी आणि १२० तास

आमच्या घरात युरोपियन पासपोर्ट एकाकडेच आहे, बंड्याकडे. मी आणि नवरा दोघंही भारतीय पासपोर्टवाले, सात वर्षं श्टुटगार्टला काढली, आता नवऱ्याच्या नोकरीसाठी आयर्लंडला जायचं होतं, पण आयर्लंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) नाही त्यामुळे जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड तिथे शून्य कामाचं, म्हणजे याचं वर्क परमिट, माझा व्हिसा, बँक स्टेटमेंटं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. बंड्या रस्त्यावरचा रोमानियन कुत्रा, तिथल्या एका शेल्टरमधून आमच्याकडे आला तो युरोपियन युनियनचं पाळीव प्राण्यांचं निळं पासपोर्टचं पुस्तक घेऊनच आला. आई फोनवर म्हणाली, "अगं त्याला व्हिसा नको आणि तुला हवा होय? बघ बाई, त्याच्याच ओळखीवर जा."

आता त्याला न्यायचं कसं. २८ किलोचा गडी, जर्मन शेफर्ड आणि अजून काय काय मिक्स, विमानात सीटखाली बसणं शक्यच नाही, म्हणजे कार्गो. पेटी बांधून त्याला खाली सामानात टाकायचं माझ्याच्याने होईना. दुसरा विचार होता की नवऱ्याने जॉइन व्हायला पुढे जायचं आणि महिनाभराने एखाद्या पेट ट्रान्सपोर्टवाल्याने बंड्याला आणायचं. तिथे एक नियम आडवा आला जो आम्हाला माहीतच नव्हता: मालक आणि प्राणी एकमेकांच्या पाच दिवसांच्या आत प्रवास करणार असतील तरच ते घरगुती धरतात, त्याहून जास्त अंतर पडलं की व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात, वेगळं हेल्थ सर्टिफिकेट वगैरे. म्हणून ठरलं, गाडीतून सगळे एकत्र.

मग रस्ता. नकाशावर पाहिलं तर इंग्लंडमधून जाणं सोपं वाटतं, पण तिथे पुन्हा आम्हा दोघांना यूकेचा व्हिसा! बंड्या आरामात गेला असता, आम्ही फ्रान्सच्या कॅले बंदरावर हात हलवत उभे. त्यामुळे फ्रान्समधल्या शेरबूरपासून थेट आयर्लंडच्या रॉसलेअरला जाणारी फेरी पकडायची, सतरा-अठरा तासांची. पेट केबिन मोजक्याच असतात आणि फार लवकर संपतात, मी अडीच महिने आधी बुक केली. केबिन नाही मिळाली तर कुत्रा एकतर गाडीत खाली नाहीतर केनेलमध्ये.

कागद म्हणाल तर युरोपियन युनियनच्या आत फार नाहीत. मायक्रोचिप पंधरा आकडी, ती आधी आणि रेबीजची लस नंतर (उलटं झालं तर लस धरतच नाहीत), पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबायचं. बंड्याची लस पुढच्या ऑक्टोबरपर्यंत होती. ओळखीतल्या एकांनी बूस्टरची तारीख आठवड्याने चुकवली तर ते पुन्हा पहिलं इंजेक्शन धरलं आणि २१ दिवस परत मोजले, तेव्हा घर सोडायची नोटीस देण्याआधी ते पान उघडून बघा.

खरी गंमत जंताच्या गोळीची. आयर्लंड, माल्टा, फिनलंड आणि नॉर्वे इथे कोल्ह्याचा टेपवर्म (आतड्यातला चपटा जंत) नाही, आणि त्यांना तो येऊ द्यायचा नाहीये. आमच्या बाजूला श्वेबिश आल्बच्या डोंगरात तो भरपूर, जंगलातल्या खालच्या झुडपांची बेरी न धुता खाऊ नका असं तिथले म्हातारे सांगतात ते त्याच्याचमुळे. तर आयर्लंडला पोचण्याच्या आधी किमान २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास, या खिडकीत डॉक्टरने प्राझिक्वांटेलची गोळी द्यायची आणि पासपोर्टमध्ये औषधाचं नाव, तारीख, वेळ, सही, शिक्का. गोळी आपण घरी चारली तर ती मोजत नाहीत. मांजराला हे काही लागत नाही, मांजरवाले सुखी.

आमची फेरी शुक्रवारी संध्याकाळी, पोचायचं शनिवारी सकाळी अकराला. बुधवारी संध्याकाळी सहाला गोळी दिली, बंड्याने लिव्हर पेस्टमधून गिळली आणि नंतर जमिनीवर शोधत राहिला की अजून आहे का. रात्री पॅकिंग करताना डायनिंग टेबलवर पासपोर्ट उघडून बसले, उगाच, मला कागद परत परत बघायची सवय आहे, आणि बघते तर तारीख आहे, शिक्का आहे, वेळेचा रकाना रिकामा! पोटात गोळाच आला. नवरा म्हणे "अगं आपण लिहू की पेनाने." मी म्हटलं हात तरी लाव. गुरुवारी सकाळी आठला दवाखान्याच्या दारात उभी, डॉक्टरीणबाईंनी स्वतः १८.०० लिहून बाजूला परत सही केली, सॉरी म्हणाल्या, विषय संपला. पण आम्ही तसेच निघालो असतो तर?

शेरबूर जवळपास हजार किलोमीटर, वाटेत एक मुक्काम करून शुक्रवारी दुपारी कां (Caen) शहराच्या पुढे आलो आणि फोनवर मेसेज: वाऱ्यामुळे आजची फेरी रद्द, पुढची रविवारी संध्याकाळी. म्हणजे पोचणार सोमवारी सकाळी अकराला.

गाडी बाजूला घेऊन बोटांवर हिशेब. बुधवार सहा ते सोमवार अकरा, त्यात आयर्लंडचं घड्याळ एक तास मागे, म्हणजे ११४ तास. नवरा खूश, "बसतंय ना, सहा तास हातात आहेत." अरे, वाऱ्याने एक अख्खी बोट रद्द केली, तो दुसरीला सहा तास उशीर करणार नाही हे कुणी सांगितलं? आणि यातली मेख अशी की रविवारी संध्याकाळी उशीर कळला तर तेव्हा दुसरी गोळी देऊनही उपयोग नाही, कारण तिलाही कमीत कमी २४ तास व्हायला हवेत. शिवाय रविवारी दवाखाना कुठला उघडा मिळायचा. म्हणजे जे करायचं ते शनिवारी सकाळीच. हॉटेलच्या खोलीत याच्यावर आमचं छान भांडण झालं, बंड्या पलंगाखाली.

शनिवारी साडेदहाला दवाखान्यात. माझं फ्रेंच म्हणजे बोंजूर आणि मेर्सी, मी फक्त पासपोर्टचं ते पान उघडून घड्याळाकडे बोट दाखवलं. डॉक्टर हसले, "इर्लांद?" त्यांना सवय असणार, बंदराचं गाव आहे. दुसरी गोळी, दुसरी ओळ, वेळेसकट. ४२ युरो.

बंदरावर चेक-इनच्या खिडकीतून बाईंनी स्कॅनर माझ्या हातात दिला, मीच बंड्याच्या मानेवरून फिरवला, बीप, आकडा जुळला. मग त्यांनी पान उलटलं आणि बोट सरळ वेळेच्या रकान्यावर. रेबीजकडे नंतर पाहिलं, आधी हे. बोट तीन तास उशिरा सुटली, म्हणजे जुन्या गोळीवर ११७ तासांत आलोच असतो. ते ४२ युरो नवरा अजून काढतो. काढू दे.

केबिनमध्ये रबरी फरशी, बंड्या पहिला तासभर दाराशी उभा, मग माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला. डेकवर कुत्र्यांसाठी एक कोपरा असतो शी-शूसाठी, तिथे त्या वाऱ्यात तो जाईचना, रात्री अकरा ते सकाळी सात आम्ही पाळीपाळीने त्याला घेऊन वर. शेवटी सातला केलं. इतका आनंद मला माझ्या व्हिसाचा झाला नव्हता.

इकडे आल्यावर चिप आयरिश डेटाबेसमध्ये घालावी लागली, आणि डॉग लायसन्स, वर्षाचे २० युरो. जर्मनीचा कुत्र्याचा टॅक्स याहून कितीतरी जास्त, तो आठवणीने बंद करा, नाव काढलं नाही तर बिल येत राहतं.

मात्र एक गोष्ट मला आधी कळायला हवी होती. शेफर्ड आणि त्याची मिक्स पिल्लं इथे ठराविक जातींच्या यादीत आहेत, बाहेर नेताना आखूड पट्टा आणि तोंडाला मुसकं सक्तीचं. सातारला आमच्या मळ्यात मळणीच्या वेळी बैलांना बांधायचे ते मी पाहिलंय, बंड्याला कधी बांधेन असं वाटलं नव्हतं. सवय दोन महिने आधीपासून घरी लावली असती तर बरं झालं असतं, आम्ही आता लावतोय. मुसक्यात आतून पीनट बटर फासते, तो तोंड घालतो, चाटून झालं की पंजाने काढून टाकतो आणि परत फास म्हणून माझ्याकडे बघत बसतो.