वॉर्मर चार

"मॅडम, वॉर्मर चारला लाइन मिळाली." सकाळी आठला ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला बाळांची माहिती सोपवताना, माझ्या कक्षातली नर्स एवढंच म्हणाली आणि मला धस्स झालं. वॉर्मर म्हणजे बाळाला ऊब देणारी खाट, लाइन म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवलेली नळी. नवजात कक्षात बाळाला नाव नसतं, केसपेपरवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. सहा वर्षं ही मुलगी ओव्हर द्यायची ती त्या आईच्या नावाने. वॉर्मरच्या नंबराने कधीच नाही.

हात मात्र तोच. बाळ 1,050 ग्रॅमचं, दोघी नर्सनी लाइनसाठी प्रयत्न करून हात टेकलेले. तिने तळहाताखाली टॉर्च धरून दोऱ्याएवढी शीर शोधली, अंगठ्याने कातडी ताणली, 26 नंबरचं जांभळं कॅन्युला, म्हणजे ती बारीक नळी, आत सरकवलं आणि थांबली. इतक्या लहान बाळात रक्त सावकाश येतं. घाई केली की शीर फुटते. थांबणं शिकवून येत नाही.

दुपारी स्टोअरमध्ये ती सलाइनच्या खोक्यावर बसलेली दिसली. रडत नव्हती. "रात्री एक बाळ गेलं, मॅडम. मी रजिस्टर भरलं आणि चहा प्यायले. मला काहीच वाटलं नाही."

बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने आतून संपून जाण्याची, तीन लक्षणं सांगतात: थकवा, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मी फक्त तिसरं बघत राहिले. तिचा हात चालत होता, म्हणून ती ठीक आहे असं धरून चालले.

गेल्या महिन्यात आमची कार्यशाळा झाली. आशा, आत्मविश्वास, चिवटपणा, आशावाद: हे म्हणे मानसिक भांडवल, ते वाढवा. नाइट उतरलेल्या मुलींना झोपू न देता हे शिकवलं! भांडवल तिच्याकडे सगळ्यांत जास्त होतं. म्हणूनच कोणी रजा टाकली की मी तिलाच उभी करायचे. ड्युटी रजिस्टर उघडलं, तीन महिन्यांच्या नाइट मोजल्या. सगळं माझंच अक्षर.

तिच्या रजेच्या अर्जावर ऑफिसने आजाराचं सर्टिफिकेट मागितलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय की बर्नआउट हा आजार नाही, कामाच्या जागेवरच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. त्याचं सर्टिफिकेट कोण देणार? भांडून बारा दिवस मिळवले.

आज पुढच्या महिन्याची ड्युटी लावायला बसले. नाइटच्या रकान्यात पेन्सिलीने पुन्हा तिचंच नाव लिहिलं गेलं. खोडलं. आता उरलेल्यांत कोणाला झेपेल ते बघतेय, आणि तेवढ्यासाठीच पेन्सिल अडलीय.